पेन्सिलीनं

नवापूरच्या स्टेशनात एक बाक आहे,
अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत,
मध्ये रंगानं ओढलेली रेघ.
नाइट संपली की मी त्याच्यावर बसायचे,
पिशवी त्या राज्यात, चहा ह्या राज्यात,
मांडीवर विद्यापीठाचं पुस्तक क्रमांक चार.
सुरतेची गाडी लेट असली
की एक प्रकरण जास्त व्हायचं.

अशी तीन वर्षं.
रविवारी नंदुरबारला संपर्क-सत्र,
बाकी सगळं वॉर्डातच,
जिथं मी आधीच अकरा वर्षं शिकत होते.
लॉगबुकात तास भरले, सह्या घेतल्या.
चरणमाळच्या घाटात एकीचं बाळ जीपमध्येच झालं,
नाळ मी माझ्या रुमालानं बांधली.
ते कुठल्या रकान्यात घालायचं कळेना,
म्हणून घातलंच नाही.

मग नवऱ्याला मकरपुऱ्यात काम लागलं
आणि मी रेघ ओलांडून वडोदऱ्याला आले.

कौन्सिलच्या खिडकीतल्या माणसानं
पदवी उजेडाकडे धरली, पाचशेची नोट धरावी तशी.
‘डिस्टन्समां?’ तो म्हणाला.
‘इंजेक्शन पण दूरथी आपतां?’
मागच्या टेबलावरचे हसले. मीही हसले थोडी.
वाईट नव्हता तो. पाणी दिलं,
पंखा माझ्याकडे वळवला,
आणि कागदाच्या मागे पेनानं लिहून समजावलं:
डिप्लोमा वेगळा, पदवी वेगळी.
तुमच्या राज्यानं आमच्या राज्याला लिहायचं,
बंद पाकिटात, टपालानं.
तुमच्या हाती चालणार नाही.

माझ्याबद्दलचं पत्र,
त्याला माझाच हात लागता कामा नये.
शिवाय वळवी एका कागदावर व्हीनं सुरू,
दुसऱ्यावर डब्ल्यूनं,
तर मी एकच बाई असल्याचं
शंभराच्या स्टॅम्पपेपरवर शपथेनं सांगायचं.
ते सांगितलं.

सात महिने झाले.
पत्र मुंबईहून निघालेलं आहे.
पत्र इथं पोचलेलं नाही.
दोन्ही वाक्यं खरी आहेत,
मी फोन करून खात्री केली.

तोवर कारेलीबागेतल्या नर्सिंग होममध्ये
मी केअरटेकर. पगारही त्याच शब्दाचा.
जयवंती कुणाला म्हणता येत नाही,
म्हणून जयाबेन.
चादरी, बेडपॅन, कुशी बदलणं.
आणि रात्री अडीचला
चार नंबरच्या मणिकाकांची शीर हरवली
की फोरम येते, तेवीस वर्षांची, रजिस्टर्ड,
कपाळावर घाम:
‘जयाबेन, तमे जुओ ने.’

मी बघत नाही. बघून ती सापडत नाही.
हात पलंगाखाली सोडायला लावते,
पट्टा बांधते, टिचकी मारत नाही,
काकांना टिचकीचा राग येतो.
थांबते.
मग बोटाखाली काहीतरी
भिजल्या सुतळीसारखं हळूच वर येतं.

रजिस्टरमध्ये मी पेन्सिलीनं लिहिते:
वेळ, हात, सुईचा नंबर.
सकाळी फोरम त्यावरून पेन फिरवते,
खाली तिची सही, तिचा नंबर.
खोडरबर आम्हां दोघींत एकच.
आम्ही ह्यावर कधी बोललो नाही.
चूक झाली तर कुणाची,
हेही नाही.

परवा गुरुवारी तिनं पान भरलं,
ओळीवर ओळ, निळी.
एक तेवढी तशीच राहिली, करड्या अक्षरात:
‘२.४०. डावा हात. पहिल्याच वेळी.’

मी बोट ठेवलं त्या ओळीवर.
‘राहून गेलं,’ ती म्हणाली, मराठीत,
आणि पेनाला टोपण लावलं.
सुपरवायझर यायला पाच मिनिटं होती.
खोडरबर माझ्या खिशात होता.